उघड्या हातावरचा बर्फ

पहिला बर्फ पडला की त्या दिवशी कुणाच्या हातून काही घ्यायचं नाही, हे आमच्या काश्मीरच्या खोऱ्यात शेंबडं पोरसुद्धा जाणतं. शेजारीण उसनी साखर परत करायला आली, तरी आधी वाटीवरची ताटली उचलून बघायची. सख्ख्या भावानं पाकीट पुढे केलं, तरी ‘ठेव तिथं खाली’ म्हणायचं. कारण आत बर्फाचा गोळा असला आणि तुम्ही तो हातात घेतलात, की संपलं! समोरचा ‘शीन! शीन!’ म्हणून गल्ली डोक्यावर घेणार. शीन म्हणजे बर्फ, आणि बर्फ घेतला म्हणजे हार. मग जिंकणारा मागेल ते मुकाट्यानं द्यायचं.

अशा दिवशी, भर उजेडात, यावर मीर नावाचा चांगला तिशीचा बाप्या साडेचार वर्षांच्या पोरीकडून हरला. त्याचीच ही गोष्ट.

त्या वर्षी पहिला बर्फ वेळेआधी आला, आणि तुफान होऊनच आला. सफरचंदं उतरून झाली होती, पण झाडांवर पानं अजून तशीच होती. नागडी फांदी बर्फ झटकून टाकते. पानांनी भरलेली फांदी त्याला मांडीवर घेऊन बसते, आणि मग ओझ्यानं मोडते. वारा सुटला तसे रहीम काकांच्या बागेतून कडाड कडाड आवाज येत राहिले. काका एकेका आवाजाला ‘या अल्लाह’ म्हणत होते. त्यांची लेक मसरत मात्र कान देऊन बसली होती. आपल्या छोट्या हिबाला कुशीत घट्ट धरून ती एकच आवाज ओळखायचा प्रयत्न करत होती. घरामागचं अंबरी सफरचंदाचं झाड कुठल्या आवाजात मोडलं असेल?

ते झाड तिच्या आईनं लावलेलं. माहेराहून कलम आणून, स्वतःच्या हातानं बांधून. आई गेली, झाड राहिलं. मग मसरतचं साजिदशी लग्न झालं, हिबा झाली, आणि हिबा नीट बसायलाही लागली नव्हती तेव्हा साजिद एका तापाचं निमित्त होऊन गेला. मसरत लेकीला घेऊन वडिलांकडे परत आली. शोपियनच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेली, हसरी, चुरूचुरू बोलणारी मुलगी. पण तेव्हापासून ती जगाकडे दूध उतू जाईल अशा नजरेनं बघायची. उबेसाठी जवळ धरायच्या कांगडीतले निखारे हिबाच्या पायघोळ फेरनला लागतील. छपराचा बर्फ नेमका हिबाच्या डोक्यावर पडेल. हिबाला शिंक आली की हिचा जीव टांगणीला. नवीन काही हवं, कुणाकडून काही घ्यावं, असं मनात यायचंच बंद झालं होतं. आहे तेवढं राहू दे, बस्स.

सकाळी खिडकी उघडली तर आभाळ धुतल्यासारखं निळं. आणि झाड उभं होतं... पण मधोमध चिरलेलं. एक अर्धं सरळ, दुसरं अर्धं बर्फावर कोपर टेकून बसल्यासारखं कललेलं.

तेवढ्यात खालून घर्रर्र आवाज आला. पेट्रोलवर चालणारी करवत!

मसरतनं वडिलांचे गुडघ्याएवढे रबरी बूट पायात कोंबले आणि ती धावली. धावली म्हणजे काय, बर्फात रुतत, बूट मागे राहतोय, पाय पुढे जातोय अशी पोचली. झाडासमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली.

“थांबा! हे नाही.”

करवत बंद झाली. पलीकडे एक उंच माणूस, भुवयांवर बर्फाचे कण, आणि त्या भुवया आश्चर्यानं वर गेलेल्या.

“हे नाही?”

“हे नाही.”

“रहीम काकांनी सांगितलं, जेवढी मोडलीत तेवढी कापून लाकडं रचून दे. म्हणजे निदान खोलीतली बुखारी तरी पेटेल हिवाळाभर.”

“दुसरी कापा. हे मोडलेलं नाही.”

त्यानं झाडाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग पुन्हा झाडाकडे.

“मोडलेलं नाही? बाई, मी यातून पलीकडचं गाव बघू शकतोय.”

“मग बघू नका.”

तो हसला नाही, पण ओठांचा एक कोपरा हलला. मसरतला उगाचच आपल्या पायातल्या बुटांची लाज वाटली.

“मी यावर. खालच्या गावातला. कलमं करतो, रोपं विकतो... आणि असं तुफान झालं की हे करतो,” त्यानं करवतीकडे बोट दाखवलं. “खरं सांगू? चार दिवसांत दुसरा बर्फ येईल. हे झाड तो सोसणार नाही. कलेल तेव्हा तुमच्या गोठ्यावर कलेल.”

गोठ्यावर! हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं, आणि आता डोक्यातून जाणार नव्हतं. तिचे पसरलेले हात जरा खाली आले...

नेमकी त्याच वेळी हिबा आली. लाल टोपी, लाल नाक. दोन्ही हातांत एक गाठ मारलेला छोटा रुमाल, कोपऱ्यात पिवळं बदक विणलेला. ही गाठोडी सकाळपासून आजोबांच्या पाठीमागे फिरत होती. पण आजोबा साठ हिवाळे मुरलेले, ते कसले फसतायत.

“काका,” हिबा गोड आवाजात म्हणाली, “नानांनी तुम्हाला लवासा रोटी पाठवलीय. चहाबरोबर खायला. गरम आहे, लवकर घ्या.”

“अरे वा!” म्हणत यावरनं दोन्ही हात पुढे केले.

मसरतला कळलं. ती ओरडणार होती, पण ओरडली नाही. का, ते तिलाही नंतर सांगता आलं नाही.

“शीऽऽन!” हिबानं अशी किंकाळी फोडली की पलीकडच्या अक्रोडावरचे बुलबुल उडाले. “हरले! काका हरले! नाना, बघा, एवढे मोठे काका हरले!”

यावर हातातल्या गार गाठोडीकडे बघतच राहिला. खिडकीतून रहीम काका पोट धरून हसत होते.

“अरे मीरच्या पोरा, बर्फात जन्मलास आणि पोरीकडून फसलास? गावात सांगू का?”

“नका सांगू, काका. तुमच्या नातीनं गरम लवासा म्हटलं हो! सकाळपासून पोटात काही नाही, मग माणूस फसणारच.” तो हिबासमोर गुडघ्यावर बसला. “बोला सरकार. काय पाहिजे?”

हिबानं गोळी-बिस्किटाचा विचार केला असणार. पण तिनं आईकडे पाहिलं. आई झाडाकडे पाहत होती.

“ते जोडून द्या,” हिबा म्हणाली.

यावरनं चिरेत बोटं घालून पाहिलं. छपरावरून टप... टप... पाणी.

“हे बघा, जोडेन,” यावर शेवटी म्हणाला, आणि या वेळी तो हिबाशी नव्हे, मसरतशी बोलत होता. “पण जगेल असं वचन देणार नाही. वाटेल ते देईन, ते नाही.”

“वचन नकोच,” मसरत म्हणाली. वचनं तिनं पुष्कळ ऐकली होती.

मग दिवसभर काम चाललं. कललेल्या अर्ध्याभोवती दोरखंड बांधून तो अक्रोडाच्या बुंध्यावरून घेतला. रहीम काका आणि यावर ओढायचे, मसरत टेकू सरकवायची. इंच इंच करत चीर मिटत आली. अब्बांसमोर परक्या माणसाशी सरळ गप्पा मारणं बरं दिसलं नसतं; म्हणून सगळं बोलणं हिबामार्फत.

“हिबा, तुझ्या अम्मीला विचार, त्या मघापासून वर काय बघतायत?”

“अम्मी, काका विचारतायत...”

“त्यांना सांग, वरची फांदी त्यांच्या डोक्यावर पडणार आहे.”

“अम्मीला सांग, पडणार नाही.”

“त्यांना सांग, काल रात्रीपर्यंत बाकीच्या फांद्यांनाही असंच वाटत होतं.”

“अम्मीला विचार, आभाळ पडायचं आज आहे की उद्या? म्हणजे मी त्याप्रमाणे येतो.”

मसरत फुटलीच. कितीतरी दिवसांनी ती आवाज करून हसली. रहीम काकांनी दोर ओढता ओढता मान वळवली, आणि पटकन पुन्हा दोराकडे वळवली. म्हाताऱ्याला काय दिसलं, ते त्यानं आपल्यापाशीच ठेवलं.

गिरमिटानं आरपार भोक पाडून लोखंडी सळई घातली, दोन्हीकडून नट आवळले. चिरेवर शेण-मातीचा लेप मसरतनं स्वतः लावला, लेकराच्या खरचटलेल्या गुडघ्याला हळद लावावी तसा. काम झालं तेव्हा ऊन कललं होतं. यावरनं एक काटकी तिच्यासमोर धरली, पण हातात दिली नाही. त्या दिवसाचा नियम त्यानंही पाळला. नखानं साल खरवडली. आत ओलं, पोपटी हिरवं.

“जिवंत आहे,” तो हळूच म्हणाला. “आणि हे बघा...” पानाच्या देठाशी एक फुगीर, लवदार कळी होती, मांजरीच्या पिल्लाच्या पंजासारखी. “पुढच्या चैत्राचं फूल.”

“माहीत आहे. परीक्षेत चित्र काढलं होतं मी याचं,” मसरत म्हणाली. मग थांबून म्हणाली, “पण अशी... तुफानानंतर... कधी पाहिली नव्हती.”

तिनं मान वर केली. मोडक्या बागेवर संध्याकाळचा गुलाबी उजेड पसरला होता. शेंड्याला उतरवायचं राहून गेलेलं एक सफरचंद होतं, बर्फाची पांढरी टोपी घातलेलं. एक बुलबुल येऊन त्यावर बसला आणि त्यानं निवांतपणे चोच मारली, जणू रात्री काही झालंच नव्हतं. सकाळपासून ती याच बागेत उभी होती. सकाळपासून तिला फक्त काय काय मोडलं ते दिसलं होतं.

“अम्मी, तू रडतेस?” हिबा.

“नाही गं. डोळ्यांत ऊन जातंय.”

“अम्मीला सांग,” यावर अवजारं गोळा करत म्हणाला, “ऊन तिकडून येतंय, मागून.”

त्या हिवाळ्यात नट आवळलेला आहे की सैल झाला, हे बघायला यावर किती वेळा आला! थंडीनं लोखंड आकसतं म्हणे. मग म्हणे, ऊन पडलं की प्रसरण पावतं. रहीम काका एकदा म्हणाले, “बेटा, तो नट आता घाबरून स्वतःच आवळून बसत असेल.” यावरनं मिठाचा चहा घोटभर जास्तच पटकन घेतला आणि जीभ भाजून घेतली. मसरत चहाच्या समोवाराआड तोंड लपवून हसली.

आणि चैत्रात झाड फुललं. आधी उभं अर्धं फुललं. जोडलेलं अर्धं तसंच... काळं, मुकं. मसरत रोज पहाटे जाऊन यायची आणि चूल पेटवायची. मग एके दिवशी हिबा अनवाणीच ओरडत आली, आणि पहिल्यांदाच मसरत ‘पाय गारठतील’ म्हणाली नाही. तीही तशीच धावली. खालच्या फांदीवर, सळईच्या जरा वर, गुलाबी कळ्यांचा एक झुपका उघडत होता. त्या दुपारी यावर आला तेव्हा दोघं झाडाखाली नुसती उभी राहिली. मध्ये हिबा होती, पण निरोप कुणीच दिला नाही.

“तुमचं खरं ठरलं,” यावर म्हणाला.

“तुम्ही जोडलं म्हणून.”

“मी हरलो म्हणून,” तो म्हणाला, आणि पाकळ्या खांद्यावर तशाच ठेवून निघून गेला.

त्याला काही बोलायचं होतं, हे तिला कळत होतं. तिलाही ते ऐकायचं होतं, हे कळायला मात्र तिला पुढचा पूर्ण उन्हाळा लागला. साजिदचा फोटो पुसताना आधी अपराधी वाटायचं. मग एक दिवस वाटलं नाही. पानगळ आली. यावर काही बोलला नाही. आता तो बोलणारच नाही की काय, ही नवी काळजी मसरतनं जुन्या काळज्यांच्या रांगेत उभी केली. गंमत म्हणजे ती सगळ्यांच्या पुढे घुसली.

त्या वर्षी पहिला बर्फ उशिरा आला. वारा नाही, आवाज नाही. सकाळी उठून बघावं तर सगळं कापसासारखं मऊ.

गल्लीत ‘शीन! शीन!’चा दंगा चालू होता. मसरत पायरी झाडत होती, तर फाटकातून यावर आला. नवा फेरन. दाढी इतकी नीट केलेली की हनुवटीला कापलं होतं. फेरनच्या आतून त्यानं काहीतरी काढलं. दोन्ही हातांच्या ओंजळीत गाठ मारलेला एक छोटा रुमाल. कोपऱ्यात पिवळं बदक.

“घ्या,” तो म्हणाला.

मसरतनं झाडू कमरेला लावला. मागच्या वर्षीचा रुमाल, मागच्या वर्षीची गाठ! वर्षभर दम धरून बदला घ्यायला आला होता पठ्ठ्या.

“मी काय दुधखुळी आहे?”

“बर्फ नाहीये.”

“आजच्या दिवशी सगळे असंच म्हणतात.”

“खरंच नाही. घ्या ना... मसरत.”

त्यानं नाव घेतलं होतं. पण खोड्या काढायच्या आनंदात तिला ते ऐकू येऊनही ऐकू आलं नाही.

“नाही म्हणजे नाही! ठेवा त्या कठड्यावर. वितळून नाही गेलं तर बघू.”

“तुम्ही... घेणार नाही?”

“कध्धीच नाही!”

मग त्यानं ओंजळ परत फेरनमध्ये घेतली, हलकेच, पाखरू ठेवावं तशी.

“बरं,” म्हणाला. “चुकलं माझं.” आणि वळून चालू लागला.

हरला की माणूस इतका पडेल चेहरा करतो? मसरत हसत हसत आत आली. चुलीपाशी हिबा तिच्याकडे टक लावून बघत होती.

“अम्मी, तू का नाही घेतलास?”

“त्यात बर्फ होता, वेडाबाई.”

“नव्हता. मी फाटकात हात लावून बघितला ना. रुमाल गरम होता.” हिबानं डोकं तिरकं केलं. “बर्फ गरम असतो?”

मसरतच्या हातातला झाडू तसाच राहिला.

रहीम काकांनी हुक्क्याची नळी बाजूला केली. “यावर आला होता?”

“अब्बा... तुम्हाला माहीत होतं?”

“काल त्याच्या आईनं निरोप धाडला होता. पहिला बर्फ हा शकुनाचा दिवस, म्हणाली. मी म्हटलं, माझी ना नाही. पण पोरीला मी सांगणार नाही, त्यानं स्वतः येऊन विचारावं.” काकांनी लेकीचा पांढरा पडलेला चेहरा पाहिला. “काय म्हणालीस तू त्याला?”

“कध्धीच नाही म्हणाली!” हिबानं चोख साक्ष दिली.

पुन्हा तेच रबरी बूट. या वेळी एक बूट फाटकाशीच बर्फात राहिला. मसरत थांबली नाही. मागे हिबा, खिडकीत काका, गल्लीतल्या बायकांच्या भुवया... कुणी काय म्हणेल ही काळजी तिला आलीच नाही. एकच काळजी होती: खालच्या पुलापर्यंत तो पोचला तर नसेल?

तो कुठेच पोचला नव्हता. घराला वळसा घालून अंबरीच्या झाडाखाली उभा होता. पाठ इकडे, आणि नट आवळलेला आहे का ते बोटांनी चाचपत होता. नट तर आता नीट दिसतही नव्हता. सालीनं त्याला चारी बाजूंनी ओठ लावले होते. झाड लोखंड गिळायला लागलं होतं.

“यावर!”

तो वळला. समोर एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा, श्वास फुललेला.

“अहो... पाय गारठेल,” तो म्हणाला.

“ती माझी वाक्यं आहेत,” मसरत म्हणाली. मग वाकून तिनं मूठभर बर्फ उचलला आणि उघड्या तळव्यावर त्याच्यासमोर धरला. ना रुमाल, ना गाठ.

“घ्या.”

तो बघत राहिला. “हा बर्फ आहे.”

“हो.”

“दिसतोय मला.”

“दिसावा म्हणूनच उघडा धरलाय.”

“घेतला तर मी हरेन.”

“हो... आणि मग मी मागेन ते द्यावं लागेल.”

मग मात्र त्याच्या ओठांचे दोन्ही कोपरे हलले. त्यानं हात पुढे केला, अगदी सावकाश. बर्फ घेतला, आणि बर्फाखालची गार बोटंही घेतली.

“शीन,” मसरत पुटपुटली.

“हरलो. माग.”

“तो रुमाल.”

फेरनच्या आत, कांगडीच्या उबेत धरलेला रुमाल त्यानं तिच्या हातावर ठेवला. खरंच गरम होता. गाठ सुटता सुटेना. आत त्याच्या आईची चांदीची अंगठी होती, घासून चकचकीत केलेली.

“माझे शब्द पक्के नव्हते,” यावर म्हणाला. “वर्षभर जुळवत होतो. म्हटलं, निदान वस्तू तरी हातात देऊ... तर तू झाडू उगारलास.”

“उगारला नव्हता. कमरेला लावला होता.”

“लांबून तसंच दिसतं.”

“मला भीती वाटते, यावर,” ती एकदम म्हणाली. “सगळ्याचीच. आयुष्यभर वाटेल.”

“वाटू दे. तू वर बघत जा, मी खाली बघत जाईन. फांदी आणि बूट, दोन्ही सांभाळले जातील.”

तिला हसूही आलं आणि रडूही. ऊन या वेळी समोरूनच येत होतं, त्यामुळे सबबही तयार होती. वरच्या फांदीवरून बर्फाची भुकटी भुरभुरली, दोघांच्या केसांवर, चैत्रातल्या पाकळ्यांसारखी.

“अम्मी!” मागून आवाज आला. हिबा. दोन्ही हात पाठीमागे, आणि चेहरा इतका निष्पाप की कुणालाही संशय यावा. “अम्मी, हात पुढे कर. काका, तुम्ही पण.”

यावरनं मसरतकडे पाहिलं. मसरतनं हिबाच्या हातांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं डोळे मिटले आणि तळवा पुढे केला.